मागच्या पानावरचा मासा

मध्या, तुझ्या शोकसभेत मी भांडलो.

वहिनींनी आदल्या दिवशी माझ्यापुढे हात जोडले होते. "दत्ताभावजी, उद्या तुम्ही नुसते बसा. नीलाची परीक्षा होईपर्यंत क्वार्टर ठेवायचं डायरेक्टरसाहेबांनी कबूल केलंय. तुमचा स्वभाव मला माहीत आहे." मी हो म्हणालो. त्या वेळी तुझा तो जुना रिपोर्ट माझ्या पिशवीत होता, आणि गोमतीवरच्या कोळ्याला, मैकू मल्लाहला, अकरा वाजता तुमच्या संस्थेच्या फाटकाशी उभा राहा म्हणून निरोपही धाडून झाला होता. तेव्हा मी हो म्हणालो ते खोटंच होतं. तू असतास तर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला असतास. तुला माझी लाज वाटली की तू चष्मा पुसायचास.

मंडळाच्या स्मरणिकेत तुझ्यावर लिहायला सांगितलंय मला. जन्म, शिक्षण, पदव्या सेक्रेटरी लिहिणार, आणि मी 'हृद्य आठवणी' लिहायच्या. लिहितोय, पण हे काही ते छापणार नाहीत. तुझ्या फोटोला हार घालून मोकळे झालेत सगळे. माझा हात अजून मोकळा झालेला नाही.

आपली ओळख या मंडळातच झाली. लखनौत मराठी माणसं म्हणजे मूठभर, त्यामुळे गणपतीत एकमेकांची तोंडं बघण्यावाचून गत्यंतर नसायचं. तू वाईचा, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारा, आणि पोटासाठी मासे कापणारा. मी मालवणचा, मासे खाणारा, आणि पोटासाठी रेल्वेचे पूल तपासणारा. "अरे, तू माझं खाणं कापतोस आणि स्वतः वरणभात खातोस, तुला नरकात जागा नाही," असं मी पहिल्याच भेटीत तुला म्हणालो होतो. तू गंभीरपणे म्हणालास, "खाणाऱ्याला मासा मेल्यावर भेटतो. मला तो आजारी असताना भेटतो." मला वाटलं, हा माणूस जरा चक्रम आहे. पुढच्या रविवारी तू आलमबागला माझ्या खोलीवर आलास.

मी सडाफटिंग माणूस, स्टोव्हवर रोहूचं कालवण ठेवलं होतं. तू माझ्या ताटापेक्षा केराच्या टोपलीत जास्त रस घेतलास. माशाचं डोकं उचललंस, कल्ल्यावरचं झाकण नखाने उघडलंस आणि म्हणालास, "कुठून आणलास हा? शहराच्या खालून ना?" मी म्हटलं, तुला काय माहीत. "कल्ले बघ. लाल असायला हवेत, मटणाच्या दुकानातल्यासारखे. हे मातकट झालेत, वर शेंबडासारखा थर आहे. याला महिनाभर श्वास पुरला नाही." माझा घास हातातच राहिला. मालवणात माझी आई कल्ले बघूनच मासा घ्यायची, पण ताजा की शिळा एवढंच बघायची. माशाच्या कल्ल्यांवर नदीची तब्येत लिहिलेली असते हे मला एका वरणभातवाल्याने शिकवलं. त्या दिवसापासून मी गोमतीचा मासा सोडला. मालवणी माणसाला मासा सोडायला लावणारा तू पहिला. त्याचे आभार मानायचे की शिव्या द्यायच्या हे इतकी वर्षं ठरलं नव्हतं. आज आभार मानतो.

मग तो जेठ आला. नदी आटलेली, हवेत आच, आणि सकाळी पुलाची तपासणी करताना खाली पाहिलं तर पाण्यावर पांढरी पोटं. एका काठाने रांगच लागली होती. वरच्या बाजूच्या कारखान्याचा नाला पुलाच्या जरासा अलीकडे डाव्या काठाने नदीत पडायचा. चहाच्या चोथ्यासारखं पाणी, आणि वास असा की गँगमन नाकाला गमछा बांधून काम करायचे. मैकूचं टोळकं डोंगा घेऊन तिथंच जाळी टाकायचं. मैकू काठावर बसला होता, समोर मेलेल्या माशांचा ढीग. मला म्हणाला, "बाबूजी, हमार तौ सब बहि गवा." मी तडक सायकल हाणत तुझ्याकडे आलो.

तू पाणी बाटलीत भरून नेशील असं मला वाटलं होतं. तू पूल बघत राहिलास. म्हणालास, "दत्ता, बाटलीतलं पाणी त्या क्षणापुरतं बोलतं. कारखान्याला तपासणीचा सुगावा लागला की त्या दिवशी नाला स्वच्छ. मासा मात्र तिथं दिवसरात्र असतो. त्याला सुगावा लागत नाही." मग तू मला विचारलंस, तुझ्या पुलाच्या खांबांना माझे पिंजरे टांगू देशील का.

नाल्याचं पाणी डाव्या काठाला चिकटून वाहायचं, ते मध्येच मिसळत नसे. म्हणजे माझ्या दुसऱ्या खांबाला नाल्याचं पाणी आणि सहाव्या खांबाला वरून आलेलं चांगलं पाणी. पूल तोच, ऊन तेच, वरून जाणाऱ्या गाड्याही त्याच. तू नाचलासच जवळजवळ. "अरे, असा प्रयोग बांधायला लोक टाक्या बांधतात, आणि तुझा पूल नुसता उभा आहे!" माझ्या पुलाचं इतकं कौतुक माझ्या खात्यातसुद्धा कुणी कधी केलं नव्हतं.

लाकडी चौकट, बारीक जाळी, आणि प्रत्येक पिंजऱ्यात मैकूने गावच्या तलावातून आणलेली रोहूची दहा बोटुकली. बोटाएवढे मासे म्हणून बोटुकली, हा शब्दही तुझाच. तू खाटेवर झोपल्यासारखा पालथा पडून पाण्यात बघायचास आणि कल्ल्यांची उघडझाप मोजायचास, मी रेल्वेचं घड्याळ धरून 'मिनिट' म्हणायचो. सहाव्या खांबाची बोटुकली निवांत होती. दुसऱ्या खांबाची पहिल्या दुपारीच पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होती. चार दिवसांनी सहाव्या खांबाचे दहाच्या दहा जिवंत, दुसऱ्याचे दहाच्या दहा मेले. तीन वेळा केलंस, तीनही वेळा तेच. तू आनंदी झाला नाहीस. एकेक मेलेला मासा रुमालावर ठेवून त्याचे कल्ले वहीत काढत राहिलास. मी म्हटलं, "झालं, आता कारखान्याला फासावर चढवू." तू म्हणालास, "मला फास नको, नाला बंद हवाय." मला दोन्ही हवं होतं. अजून हवं आहे.

नदीवरून आरडाओरडा झाला तेव्हा सरकारने तुमच्या संस्थेकडेच अहवाल मागितला. तुझे पुलावरचे आकडे तू डायरेक्टरच्या टेबलावर ठेवलेस. त्या गृहस्थाने काय सांगितलं ते तूच मला सांगितलंस, आणि सांगताना हसलास, म्हणून मी तुझ्यावर खेकसलो. "जोशीजी, ये तो गाड़ियों के धक्के से मरी होंगी." सहाव्या खांबावरून काय बैलगाड्या जात होत्या? पण तो विद्वान. पुढे त्याने रेल्वेला पत्र घातलं, की आपल्या पुलावर असे पिंजरे टांगायला परवानगी दिली होती काय. रेल्वेचं उत्तर आलं, की पुलावर कोणत्याही प्रकारचे पिंजरे नाहीत. झालं. तुझे आकडे कुठल्या नदीवरचे, कुठल्या पुलावरचे, सगळं हवेत. त्या उत्तराबद्दल मी शेवटी लिहीन. आत्ता लिहिलं तर पुढचं लिहवणार नाही.

मग हुकूम निघाला, प्रयोग प्रयोगशाळेत करा. नाल्याचं पाणी काचेच्या टाकीत, मासे संस्था देईल. या महिन्यात रोहूची बोटुकली मिळत नाहीत, जे मिळेल ते घ्या. आणि जे मिळालं ते मांगूर.

तू हे मला सांगितलंस तेव्हा मी कपाळावर हात मारला. मांगूर! ज्याला बाजारात कोरड्या टोपलीत दिवसभर ठेवतात आणि संध्याकाळीही तो वळवळत असतो. पाण्यात श्वास पुरला नाही तर तो वर येऊन तोंडाने हवा गिळतो. चिखलात जगतो, गटारात जगतो. विष ओळखायला त्याला ठेवणं म्हणजे मुरलेल्या दारुड्याला दारूची चव विचारणं. चार दिवस झाले, मांगूर सगळे जिवंत. अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं गेलं, की कारखान्याच्या पाण्यात मासे शहाण्णव तास जिवंत राहिले. खाली तुझी सही.

वाक्य खरं होतं. तेच तर मला सहन झालं नाही.

तुला मलिहाबाद आठवत असेल. मंडळाची सहल, दशहरी आंब्यांची बाग, बालदीत पाणी आणि पाण्यात आंबे. बायका भेंड्या लावत होत्या. मी तुला एका झाडाखाली गाठलं आणि विचारलं, सही का केलीस. तू म्हणालास, "मी खोटं लिहिलेलं नाही. शेवटच्या पानावर तक्ता आहे. त्यात माशाचं नाव दिलंय, पूर्ण, लॅटिनमध्ये. कुठल्याही जाणत्या माणसाने ते वाचलं की त्याला कळेल प्रयोग काय होता." मी म्हटलं, "आणि शेवटचं पान वाचणार कोण? मंत्री? कलेक्टर? मैकू?" तू म्हणालास, "कुणीतरी वाचतंच, दत्ता. अरे, तक्ता वाचल्याशिवाय निष्कर्ष कोण मान्य करतो?"

मध्या, ही चूक फक्त तुमच्या जातीची माणसं करू शकतात. चोर चोरी लपवतो. तू खरं लपवलंस, आणि तेही अशा जागी, जिथं तुझ्यासारखा माणूस सगळ्यात आधी बघतो. सगळं जग तुझ्यासारखं मागून पुढे वाचतं असं तुला वाटलं. मी तुला तिथं सगळ्यांसमोर भेकड म्हणालो. खरं लिहून खोटं बोललास म्हणालो. नीला तेव्हा लहान होती, रडायला लागली. तू माझ्याकडे बघत राहिलास. खूप वेळ बघितलंस. मग म्हणालास, "दत्ता, आंबा खा."

त्या बघण्याचा अर्थ मला आत्ता कळलाय.

त्यानंतर वर्षभर अबोला. कारखान्याला निर्दोषपणाची चिठ्ठी मिळाली, मैकूच्या लोकांनी नाल्याविरुद्ध केलेला अर्ज निकालात निघाला. मैकूने डोंगा विकला आणि हज़रतगंजात रिक्षा ओढायला लागला. एकदा तो मला आणि मी त्याला एकाच वेळी ओळखलं. मी त्याच्या रिक्षात बसलो नाही, शेजारून चालत राहिलो, आणि तो रिकामी रिक्षा ओढत माझ्याबरोबर चालला. म्हणाला, "डाक्टर साहेब भले मनई हैं. उनका दोस न दियो." तुला दोष न देणारी माणसं बघून माझं टाळकं आणखीच फिरायचं.

पुढच्या जेठात एका सकाळी मी पुलावर गेलो तर तू खाली काठावर उभा. सायकलच्या कॅरियरला पिंजरा बांधलेला. मी दोरी सोडली, तू पिंजरा बांधलास. त्यानंतर दर जेठात आणि दर माघात हा आपला नेम झाला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. वर्षामागून वर्षं, वह्यांमागून वह्या. मी दरवेळी म्हणायचो, या वह्या वर्तमानपत्रात दे. तू म्हणायचास, अजून एक वर्ष होऊ दे, आकडे पक्के होऊ देत. हे आपलं भांडण अर्धंच राहिलं. या माघातले आकडे तू घेतलेस आणि फाल्गुनात गेलास. किती वर्षांनी पक्के होणार होते ते आकडे, सांग तरी.

आता शोकसभा.

तुझा फोटो, उदबत्ती, आणि माईकवर तो डायरेक्टर. आता मोठ्या मोठ्या समित्यांवर असतो, केस पिकलेत, आवाज मऊ झालाय. म्हणाला, "जोशीजी साधु पुरुष थे." तिथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नदी को लेकर आजकल फिर शोर मच रहा है. नई जाँच की माँग हो रही है. मैं कहता हूँ, जाँच हो चुकी है. जोशीजी की वह रिपोर्ट आज भी मिसाल है. वे नहीं रहे, पर उनका हस्ताक्षर बोलता है."

करून सवरून नामानिराळा, आणि वर तुझ्या सहीची ढाल! जिवंतपणी तुला वापरलं, मेल्यावरही सोडेना. तू गप्प बसलास ते एकवेळ तुझं तू जाणे, पण आता कायमचा गप्प झाल्यावर तुझ्या नावाने तो नाला वाहत राहणार, हे मी होऊ देणार नव्हतो. मनात दयामाया काही राहिली नव्हती. मला त्याचा सूड हवा होता आणि तो मला तुझ्याच हाताने घ्यायचा होता.

मला मित्र म्हणून दोन शब्द बोलायला बोलावलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझी हिंदी रेल्वेची हिंदी. म्हणालो, "साहब ने जिस रिपोर्ट की तारीफ़ की, उसी में से पढ़ता हूँ. सबसे पीछे का पन्ना." आणि तक्त्यातलं नाव वाचलं. क्लॅरियस बॅट्रॅकस. पुन्हा वाचलं, सावकाश. मग खाली बघितलं.

मध्या, तू जिंकलास. जाणत्यांना कळलं! मागच्या रांगांत तुमच्या विद्यार्थ्यांमध्ये कुजबुज झाली. एक पोरगी शेजारणीला म्हणाली, "मांगूर? मांगूर पे टेस्ट किया था?" तुझ्याच प्रयोगशाळेतला तो म्हातारा सहकारी मान खाली घालून बसला. डायरेक्टर उठला आणि मऊ आवाजात म्हणाला, "सामंतजी, यह शोक का अवसर है." मी म्हटलं, "हाँ साहब. मछली का भी."

मग त्याने जे केलं त्याची दाद द्यायला हवी. त्याने माईक घेतला आणि म्हणाला, "अब हम दो मिनट का मौन रखेंगे." सगळे उभे राहिले. माझं तोंड बंद झालं, मीही उभा. तुझ्यासाठी ठेवलेल्या मौनात मी कसा बोलणार? पण मैकूला मौन म्हणजे काय ते कुठे ठाऊक? तो मागे भिंतीशी धुतलेला कुर्ता घालून उभा होता. त्याला वाटलं सगळे गप्प झाले म्हणजे आपली पाळी आली. तो म्हणाला, "साहेब, मँगुरी तौ कीचड़ौ मा जी लेत है. रोहू का का भवा, ऊ बतावा जाय."

कुणीही त्याला गप्प करू शकलं नाही, कारण सगळे गप्प होते. तुझ्या नावाच्या त्या दोन मिनिटांत तो प्रश्न सगळ्या हॉलभर उभा राहिला. मी डायरेक्टरचा चेहरा बघत होतो, इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो चेहरा. पडेल असं वाटलं होतं. पडला नाही. त्याने घड्याळाकडे बघितलं. पण त्याचा गळा हलत होता, घोटावर घोट गिळल्यासारखा. मी मोजला. तूच सवय लावलीस.

घरी आल्यावर वहिनींनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "नवरा माझा गेला. क्वार्टर माझं जाणार. तुम्ही मला विचारायला हवं होतं." नीला दारात उभी होती. मराठी सगळं कळतं तिला, पण जीभ हिंदीतच वळते. म्हणाली, "काका, पापा होते तो आपको बहुत डाँटते." मग म्हणाली, "पर ठीक किया."

आठ दिवसांत क्वार्टर सोडायचं पत्र आलं. माझ्या घराच्या मागे आलमबागेत दोन खोल्या मिळाल्या, नीला तिथूनच परीक्षेला जाते. माझ्या सुडाची झळ आधी तुझ्या बायकोला लागली, हे मी लपवत नाही. सामान बांधताना वहिनींना ट्रंकेत तुझ्या वह्या सापडल्या. पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या. "या तुमच्या पुलाच्या आहेत. तुम्हीच ठेवा."

पहिल्याच वहीत ते पत्र होतं. रेल्वेचं उत्तर, त्याची नक्कल. डायरेक्टरने तुला दाखवायला दिली असेल. पुलावर कोणत्याही प्रकारचे पिंजरे नाहीत. खाली सही, दत्ताराम सामंत, पूल निरीक्षक.

हो, ते मी लिहिलं होतं. वरून विचारणा आली, साहेब म्हणाले, सामंत, परवानगीशिवाय पुलाला काही टांगलं असेल तर नोकरी जाईल. मी दुपारी दोन गँगमन घेऊन गेलो, पिंजरे काढले, आणि दुसऱ्या दिवशी लिहिलं की पिंजरे नाहीत. नव्हतेच त्या दिवशी. वाक्य खरं होतं. आणि तेच वाक्य पोटात ठेवून मी तुला मलिहाबादेत चारचौघांत भेकड म्हणालो. चोर तो चोर, वर शिरजोर. तुला माहीत होतं. माझी सही तुझ्या वहीत होती आणि तू मला आंबा खा म्हणालास.

पत्राखाली तुझ्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: "दत्ताची नोकरी राहिली. बरं झालं. पिंजऱ्यांचं पुढच्या जेठात बघू."

मध्या, त्याचा सूड मी घेतला. माझा कुणी घ्यायचा? तू तर घेतला नाहीस. एक शिवी तरी द्यायचीस. एका शिवीवर मी सुटलो असतो, पण तू मला सोडलं नाहीस, माफ केलंस. हे तुझं मी विसरणार नाही, आणि खरं सांगतो, हे तुला मी माफही करणार नाही.

चार दिवसांपूर्वी, भर दिवसा, मी पिंजरे टांगले. दुसऱ्या खांबाला एक, सहाव्याला एक. चौकटींना लाल रंग दिला, रेल्वेतून दिसेल असा, आणि पत्र्याच्या पट्टीवर माझं नाव आणि हुद्दा. रोहू मैकूने आणले. कल्ले नीलाने मोजले, तुझ्यासारखीच पालथी पडून. "मिनिट" मी म्हणालो.

आणि डायरेक्टरसाठी पोस्टकार्ड घेतलंय. पाकीट नाही, कार्ड, उघडं. पोस्टमन वाचेल, फाटकावरचा दरवान वाचेल, स्वयंपाकी वाचेल, आणि सगळ्यांनी वाचून झालं की तो वाचेल. माशाचं नाव पहिल्याच ओळीत, हिंदीत, मोठ्या अक्षरात. खाली: पिंजरे रेलवे पुल पर टँगे हैं. मैंने टाँगे हैं. सही, दत्ताराम सामंत, पूल निरीक्षक. दर महिन्याला एक जाणार. तो असेपर्यंत, नाहीतर मी असेपर्यंत. माझी नोकरी गेली तर तेही त्याला कार्डावरच कळव, असं सांगून मी नीलाला त्याचा पत्ता देऊन ठेवलाय.

सहावा खांब: रोहू दहा, जिवंत दहा. दुसरा खांब: रोहू दहा, मेले दहा. तुला आधी सांगतोय. त्याचं कार्ड उद्या सकाळच्या डाकेत टाकतो.